तुकड्या कोणी पाडल्या?

(महिला क्रीडाशिक्षिका आणि खेळाडूंच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण आपल्याच मैदानांबद्दल बोलतोय. कुणाला ग्राउंड मिळत नाही, कुणाला प्रवासभत्ता मिळत नाही, कुणाच्या मुलींची नावं बरोबर जायला बाई शिक्षिका नाही म्हणून कापली जातात. जेवणानंतरचं हे भाषण मात्र लांबच्या मुलखातलं आहे, अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या खेळांचं. संयोजक बाईंना मी म्हटलंही, की इतक्या लांबचं कशाला? त्या म्हणाल्या, मागच्या बैठकीत प्रश्न निघाला होता, की बायकांची वेगळी संघटना चालवायची की मोठ्या संघटनेत 'महिला विभाग' म्हणून जायचं. त्यावर तुमच्याकडे एक गोष्ट आहे ना, तीच सांगा. म्हणून ही गोष्ट.

आपल्याकडे डिव्हिजन म्हणजे शाळेतली तुकडी. मी पस्तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, पहिली नऊ वर्षं शाळेत. त्या शाळेत 'अ' तुकडीत हुशार मुलं आणि 'ड'मध्ये उरलेली. एकदा 'ड'मध्ये बसलेली पोर दहावीपर्यंत 'ड'मध्येच. तिचा हात कबड्डीत कितीही चालो, हजेरीपटावर ती 'ड'चीच. अमेरिकेत कॉलेजांच्याच अशा तुकड्या पाडलेल्या आहेत. डिव्हिजन एक, दोन आणि तीन. साधारण अकराशे कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत, त्यांतली साडेतीनशेच्या आसपास पहिल्या श्रेणीत. आपल्या विद्यापीठांच्या स्पर्धा पश्चिम, पूर्व, उत्तर, दक्षिण अशा विभागांनी होतात, म्हणजे नकाशा बघून. तिथल्या श्रेणी पैसा बघून पडलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, दुसऱ्या श्रेणीत मोजक्या, तिसरीत खेळासाठी म्हणून एक पैसाही द्यायचा नाही.

आता दोन कॉलेजांची नावं लक्षात ठेवा. पहिलं इमॅक्युलाटा. पेनसिल्व्हानिया राज्यातलं, जोगिणींनी चालवलेलं, मुलींचं छोटंसं कॅथलिक कॉलेज. १९७२ साली कॉलेजांच्या महिला बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा नव्या संघटनेतर्फे पहिल्यांदा भरली, तेव्हा या मुली पात्र ठरल्या. पण इलिनॉयला जायला पैसे नव्हते. टूथब्रश विकून वर्गणी गोळा केली. तरी अकरा जणींचे पैसे जमेनात, म्हणून आठच जणी गेल्या, त्याही विमानात रिकामी जागा उरली तर मिळणाऱ्या तिकिटावर. अंतिम सामना होता वेस्ट चेस्टरशी. आधीच्या विभागीय फेरीत याच वेस्ट चेस्टरने त्यांना ३२ गुणांनी धुतलं होतं. अंतिम सामना इमॅक्युलाटाने ५२–४८ असा जिंकला. पुढची दोन वर्षंही त्याच जिंकल्या. घरच्या सामन्यांना जोगिणी बादल्या बडवून मुलींना चेव आणायच्या. १९७५च्या फेब्रुवारीत याच मुली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळल्या, तेव्हा बारा हजारांच्या आसपास लोक बघायला आले होते.

दुसरं कॉलेज डेल्टा स्टेट. मिसिसिपी राज्यात, कापसाच्या मुलखात. इथे मार्गारेट वेड नावाची मुलगी १९३०च्या सुमाराला बास्केटबॉल खेळायची. हा खेळ बायकांना झेपणारा नाही असं ठरवून कॉलेजने संघच बंद केला. मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तिथे मुलींचा संघ नव्हता. १९७३ साली तो पुन्हा उभा करायचं ठरलं आणि प्रशिक्षक म्हणून बोलावलं कुणाला, तर याच वेडबाईंना. तेव्हा त्या साठीच्या होत्या. दुसऱ्याच मोसमात, १९७५ साली, त्यांच्या मुलींनी अंतिम सामन्यात इमॅक्युलाटाला हरवलं आणि पुढची दोन वर्षंही अजिंक्यपद राखलं. त्या संघात लुसिया हॅरिस होती. मिसिसिपीतल्या शेतमजूर कुटुंबातली, सव्वासहा फुटांची कृष्णवर्णीय मुलगी. १९७६ साली ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल आलं, तेव्हा त्यातली पहिली बास्केट तिने केली.

म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची पहिली सहा वर्षं या दोन छोट्या कॉलेजांची. आज ती कुठे आहेत? डेल्टा स्टेट दुसऱ्या श्रेणीत आणि इमॅक्युलाटा तिसऱ्या. मुलींचा खेळ घसरला म्हणून त्यांना खाली ढकललं असं कुणी म्हणत नाही. मग या तुकड्या पाडल्या कोणी, आणि काय मोजून?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. तिथल्या कॉलेजांमधला पहिला सामना १८५२ सालचा, हार्वर्ड आणि येल यांच्या होड्यांची शर्यत. खर्च केला एका रेल्वे कंपनीने, कारण तळ्यापर्यंत तिचे रूळ जात होते आणि तिला प्रवासी हवे होते. म्हणजे पैशाचं नातं पहिल्या दिवसापासूनचं. पुढे फुटबॉल आला, तोही त्यांचा, अंगावर तुटून पडण्याचा. मुलं मैदानात मरायला लागली, तेव्हा १९०५ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांना बोलावून समज दिली. त्यातून १९०६ साली एक संघटना निघाली आणि १९१०पासून ती एनसीएए या नावाने ओळखली जाऊ लागली. ही सगळी पुरुषांची गोष्ट.

मुलींची गोष्ट शेजारच्या दारातून सुरू होते. १८९२ साली स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींना बास्केटबॉल शिकवायला घेतला. पण मुलींनी धावून धावून दमू नये म्हणून तिने मैदानाचेच तीन भाग पाडले. जी ज्या भागात, ती त्याच भागात. चेंडू तीन सेकंदांहून जास्त धरायचा नाही. १८९६ साली स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुलींचा सामना झाला, त्याला पुरुषांना प्रवेशच नव्हता. गुणसंख्या किती, तर २–१! मुलींना अख्ख्या मैदानावर पळायची परवानगी देणारे पाच जणींच्या संघाचे नियम कॉलेजांमध्ये यायला १९७१ साल उजाडलं.

१९२०नंतर तर शारीरिक शिक्षणाच्या बायांनीच स्पर्धेला विरोध केला. त्यांनी 'प्ले डे' काढले. तीन-चार कॉलेजांच्या मुली एकत्र यायच्या, त्यांचे मिसळून संघ पाडायचे, खेळायचं, सरबत प्यायचं आणि घरी जायचं. कोण जिंकलं याला महत्त्व नाही. यात एक शहाणपण होतं. पुरुषांच्या खेळातला पैसा, दुखापती, फसवेगिरी त्या बघत होत्या आणि आपल्या मुलींना तिकडे नेणार नाही म्हणत होत्या. पण जिंकायची इच्छा असलेल्या मुलीचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आणि हेही सांगायला हवं, की हे सरबताचं तत्त्वज्ञान प्रामुख्याने गोऱ्या, सुखवस्तू बायांचं. टस्कीगी आणि टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनी ते मानलं नाही. त्यांच्या मुली धावत होत्या, जिंकत होत्या. १९६०च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेणारी विल्मा रुडॉल्फ टेनेसी स्टेटची.

आता १९७२ आणि १९७३ या दोन वर्षांकडे या. २३ जून १९७२ रोजी 'टायटल नाईन' हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही, एवढंच तो सांगतो. इंग्रजीत मोजून ३७ शब्द आणि त्यांत खेळ हा शब्द कुठेही नाही. पॅट्सी मिंक आणि एडिथ ग्रीन या लोकप्रतिनिधी बायांचा त्यात मोठा वाटा. शिक्षण म्हणजे मैदानही आलं, हे पुरुषांच्या लक्षात आलं आणि त्यांचं धाबं दणाणलं.

त्याच सुमाराला एनसीएएच्या घरात वेगळंच भांडण चाललं होतं. प्रत्येक सभासद कॉलेजला एक मत. छोटी कॉलेजं संख्येने जास्त, पैसा मात्र मोठ्या फुटबॉलवाल्यांकडे. त्यांचं म्हणणं, की आमच्या शिष्यवृत्त्या किती असाव्यात हे या चिल्लर कॉलेजांनी का ठरवावं? १९५०च्या दशकात दोन गट करून पाहिले होते, ते पुरेना. ऑगस्ट १९७३मध्ये शिकागोला खास अधिवेशन भरलं आणि आजच्या तीन श्रेणी तिथे ठरल्या. १९७८ साली फुटबॉलपुरते पहिल्या श्रेणीचेही दोन भाग झाले. त्याचे निकष ऐका: स्टेडियममध्ये ३०,००० खुर्च्या आणि सामन्याला सरासरी १७,००० प्रेक्षक.

१९७३च्या त्या अधिवेशनाच्या वेळी एनसीएए मुलींची एकही राष्ट्रीय स्पर्धा भरवत नव्हती. एकही नाही! पुढे लाखो मुलींना ज्या तुकड्यांमध्ये बसायचं होतं, त्या मुली हिशेबात नसताना पडल्या, मुलांच्या फुटबॉलचा खर्च कुणाला परवडतो ते बघून.

मुलींच्या स्पर्धा तेव्हा कोण भरवत होतं? बायकांचीच एक संघटना. असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फॉर विमेन, नाव लांबलचक, म्हणून एआयएडब्ल्यू म्हणू. १९७१ साली सुरू झालेली. चालवणाऱ्या बहुतेक सगळ्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, तुमच्या-माझ्यासारख्या. त्यांचे नियम वेगळे होते. प्रशिक्षकांनी कॉलेजच्या पैशाने गावोगाव फिरून मुली पळवायच्या नाहीत. एका कॉलेजातून दुसरीकडे गेलेल्या मुलीला लगेच खेळू द्यायचं. एनसीएएत मुलाला वर्षभर बाहेर बसावं लागे. समित्यांवर विद्यार्थिनी खेळाडूंना जागा. आणि शिष्यवृत्ती अजिबात नाही.

हा शेवटचा नियम फार काळ टिकला नाही. जानेवारी १९७३मध्ये फ्लॉरिडातल्या दोन कॉलेजांच्या टेनिस खेळाडू मुली आणि त्यांतल्या मेरीमाउंट कॉलेजच्या शिक्षिका फर्न केलमायर कोर्टात गेल्या. मुलांना खेळावर शिक्षण फुकट मिळतं, आम्हाला मिळालं तर तुम्ही स्पर्धेतून बाद करता, हा भेदभाव नाही का? बायकांच्या संघटनेविरुद्ध बायकाच उभ्या! काही महिन्यांत संघटनेने नियम बदलला. मला विचाराल तर मुलींचं बरोबर होतं. आपण बायांनी मुलींसाठी शुद्ध, सात्त्विक नियम करायचे आणि त्याची किंमत गरीब घरच्या मुलीने मोजायची, हे आपल्याकडेही चालतं.

त्यानंतर एआयएडब्ल्यूनेही श्रेणी केल्या. पण ही पद्धत नीट ऐका, कारण माझ्या गोष्टीचा गाभा तिथे आहे. त्यांनी कॉलेजची श्रेणी ठरवली नाही, खेळाची ठरवली. एखाद्या कॉलेजची मुलींची पोहण्याची परंपरा मोठी असेल, तर त्याने पोहण्यात पहिल्या श्रेणीत खेळावं, आणि हॉकीचा संघ नवा असेल तर हॉकीत तिसऱ्या. दरवेळी आपण कुठे उभ्या आहोत हे त्या त्या खेळातल्या बाईने ठरवायचं. एनसीएएत एखाद्या खेळापुरती वर खेळायची सवलत कुठे कुठे होती, पण नियम असा, की कॉलेज जिथे, तिथे त्याचे सगळे खेळ. मुलांचा फुटबॉल ज्या तुकडीत बसवेल, त्या तुकडीत मुलींची धावपटूही बसणार.

एआयएडब्ल्यू वाढत गेली. १९८०–८१मध्ये तिची साडेनऊशेहून जास्त कॉलेजं सभासद होती आणि १९ खेळांत ती ४१ राष्ट्रीय स्पर्धा भरवत होती. मुलींच्या खेळाला बाजार आहे हे दिसायला लागलं होतं. इतकी वर्षं एनसीएए काय करत होती? १९७४ साली टेक्सासचे सिनेटर टॉवर यांनी कमाई करणारे खेळ टायटल नाईनमधून वगळा अशी दुरुस्ती आणली, तिला एनसीएएचा पाठिंबा होता. ती टिकली नाही. १९७६ साली एनसीएए सरकारविरुद्ध कोर्टात गेली, त्यातूनही काही हाती लागलं नाही. कायदा जात नाही म्हटल्यावर धोरण बदललं. मुलींना समान संधी द्यायचीच आहे ना, मग ती आम्हीच देतो!

१९८०च्या अधिवेशनात दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत मुलींच्या स्पर्धा सुरू करायचं ठरलं. पहिल्या श्रेणीचा ठराव जानेवारी १९८१मध्ये आला. मतं बरोबरीत पडली. फेरमोजणीत ठराव एका मताने पडला. मग कुणीतरी फेरविचाराचा ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सभागृहात बहुसंख्य पुरुष. एआयएडब्ल्यूच्या बायांनी वर्षभर आधीपासून विनवलं होतं, की घाई करू नका, बसून बोलू, दोन समान संघटनांसारखं एकत्र येऊ. त्याला कुणी भीक घातली नाही.

एनसीएएने सभासद कॉलेजांपुढे ठेवलेलं ताट असं होतं: मुलींसाठी वेगळी वर्गणी नाही, राष्ट्रीय स्पर्धेला येण्याजाण्याचा खर्च आमचा, आणि टीव्ही. एआयएडब्ल्यूकडे काय होतं? सभासदांची वर्गणी आणि उमेद. कॉलेजचे पुरुष क्रीडासंचालक सही करून मोकळे झाले. ज्या बाईने दहा वर्षं संघ उभा केला, तिला पुष्कळ ठिकाणी विचारलंही गेलं नाही.

२८ मार्च १९८२, रविवार. त्या एकाच दिवशी महिला बास्केटबॉलच्या दोन राष्ट्रीय अंतिम लढती झाल्या. नॉरफोकमध्ये एनसीएएची पहिली. तिथे टीव्हीचे कॅमेरे होते. फिलाडेल्फियात एआयएडब्ल्यूची शेवटची. नॉरफोकला लुइझियाना टेकने चेनी स्टेटला हरवलं. चेनी हे कृष्णवर्णीयांचं छोटं, गरीब कॉलेज, व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्या हाताखाली तयार झालेलं. पहिल्या श्रेणीच्या महिला अंतिम सामन्यात त्यानंतर कृष्णवर्णीयांचं एकही ऐतिहासिक कॉलेज पोचलेलं नाही. फिलाडेल्फियात रटगर्सने टेक्ससला ८३–७७ असं हरवलं. रटगर्सच्या प्रशिक्षक होत्या थेरेसा ग्रेंट्झ. माहेरचं नाव शँक. १९७२ साली टूथब्रश विकून गेलेल्या इमॅक्युलाटाच्या मुलींमधली ती तारका. पहिल्या अंतिम सामन्यात ती खेळली आणि शेवटच्या सामन्यात तिने संघ जिंकवला.

त्याच उन्हाळ्यात एआयएडब्ल्यूने काम थांबवलं. मक्तेदारीचा दावा तिने कोर्टात लावला होता. १९८३ साली ती हरली, १९८४ साली अपिलातही हरली.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही एकच बाजू सांगताय. मुलींना फायदा नाही झाला? झाला. १९७१–७२मध्ये कॉलेजात स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या मुली ३०,०००च्या आसपास होत्या, आज एनसीएएच्या कॉलेजांत दोन लाखांहून जास्त आहेत. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर झालेल्या किती जणी! मात्र हे टायटल नाईनने केलं, आणि त्या कायद्याशी एनसीएए लढत होती, हे विसरू नका. आणि इमॅक्युलाटा मागे पडली ती काही फक्त एनसीएएमुळे नव्हे. मोठी विद्यापीठं शिष्यवृत्त्या देऊ लागल्यावर ती त्याआधीच मागे पडू लागली होती. डेल्टा स्टेटने तर दुसऱ्या श्रेणीतही १९८९, १९९० आणि १९९२ साली अजिंक्यपद मिळवलं. त्या मुली काही कमी सुखी असतील असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या श्रेणीत शिष्यवृत्ती नसूनही खेळणारी पोर खेळाच्या प्रेमाने खेळते, आणि जुन्या 'प्ले डे'वाल्या बायांना बहुधा तीच आवडली असती.

दुखतं ते दुसरीकडे. १९७२ साली मुलींच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक बाया होत्या. ब्रुकलिन कॉलेजच्या व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या दोघी पुढे चार दशकं हे मोजत राहिल्या. २०१४ साली तो आकडा ४३ टक्के होता. पगार वाढले, नाव आलं, तसे पुरुष आले. मुलींचा क्रीडाविभाग मुलांच्या विभागात विलीन झाला, म्हणजे बाईची खुर्ची 'सहाय्यक' झाली. हे वाक्य मी आपल्याकडच्या किती जणींच्या तोंडून ऐकलंय! मी स्वतः ज्या कॉलेजात होते तिथे मुलामुलींचे जिमखाने 'एक' झाले, तेव्हा माझ्या कपाटाची किल्लीसुद्धा दुसऱ्याकडे गेली. बॅडमिंटनची फुलं काढायला मी अर्ज लिहायची.

एक गंमतही सांगते. खेळाडूला कॉलेज बदलून लगेच खेळू द्यायचं, हा एआयएडब्ल्यूचा नियम बावळटपणाचा समजला जायचा. एनसीएएने २०२१ साली एकदा बदलायची मुभा दिली आणि २०२४ साली, कोर्टाचा दट्ट्या बसल्यावर, हवं तितक्यांदा.

२०२१ साली मुलामुलींच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धा एकाच वेळी चालू होत्या. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्स या खेळाडूने फोनवर एक चित्रफीत काढून जगाला दाखवली. मुलांना व्यायामासाठी दालनभर यंत्रं आणि मुलींना डंबेल्सचा एक स्टँड. चौकशी झाली, एनसीएएने मुलींच्या स्पर्धेची किंमत वर्षानुवर्षं कमी लावली असं निष्पन्न झालं. 'मार्च मॅडनेस' हे स्पर्धेचं प्रसिद्ध नाव मुलींना वापरायला मिळालं ते २०२२पासून. २०२४ साली मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, मुलांच्या सामन्यापेक्षा जास्त. जून २०२५मध्ये कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली आणि त्यानुसार कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मागील थकबाकीच्या वाटपाचं सूत्र असं, की नव्वद टक्क्यांच्या आसपास रक्कम फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जाते. काही मुलींनी टायटल नाईनचा आधार घेऊन लगेच अपील केलं. त्या मूळ दाव्यातल्या वादींमध्ये सेडोना प्रिन्सही होती.

वेळ होत आलीय, चहाही आलेला दिसतोय. शेवटचं एक सांगते.

लिनेट वुडर्ड नावाची कॅन्ससची खेळाडू १९७७ ते १९८१ खेळली, म्हणजे पूर्णपणे एआयएडब्ल्यूच्या काळात. तिने ३,६४९ गुण केले. एनसीएएच्या विक्रमांच्या यादीत ती नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने मुलींचा खेळ १९८१पासून सुरू होत होता. फेब्रुवारी २०२४मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने यादीतला विक्रम मोडला, गाजावाजा झाला. तिच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर मात्र सांगत राहिल्या, की खरा आकडा वुडर्डचा आहे, तो अजून बाकी आहे. दोन आठवड्यांनी क्लार्कने तोही मागे टाकला. ३ मार्चला आयोवाच्या घरच्या सामन्याला वुडर्ड स्वतः हजर होत्या. हे आयोवातच व्हावं याला कारण आहे. तिथल्या मुलींच्या क्रीडाविभागाच्या प्रमुख क्रिस्टीन ग्रँट एआयएडब्ल्यूच्या अध्यक्ष होत्या, १९८१च्या त्या मतदानाच्या आधी ठिकठिकाणी जाऊन भांडलेल्या. संघटना बुडाल्यावरही त्यांनी आयोवातला मुलींचा विभाग मुलांच्या विभागात जाऊ दिला नाही. वेगळं अंदाजपत्रक, वेगळं कार्यालय. २००० साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा दोन्ही विभाग एक केले गेले आणि प्रमुखपद पुरुषाकडे गेलं.